स्टँडपर्यंतचं तिकीट

अनसिंगहून वाशिमला निघालेल्या एसटीत दिगंबरराव पुस्तकात तोंड खुपसून बसले होते, पण कान सगळे मागच्या सीटवर.

"मॅडम, पदर घेतला तरी वळखन ते मले."

"वाकून बसा, तुळसाबाई. वर्षाराणी आज पहिल्यांदा एकटी चालली आहे. पाण्याच्या टाकीपाशी, केंद्राच्या थांब्यावर तिची तिला उतरू द्या."

"डोकं कमी म्हणून इतकी वर्सं अंगणाभाईर एकटी नाही सोडली म्या. नगरपरिषदेच्या केंद्रात असं काय शिकवलं तुमी तिले?"

"मेणबत्त्या करायला. आणि अडलं की विचारायला."

"अन् चुकली तं?"

"तर पुन्हा विचारेल."

पुढच्या सीटवरची मुलगी एकदम मागे वळली. तुळसाबाई गुडघ्यापर्यंत वाकल्या.

"काकाजी, पाण्याच्या टाकीचा थांबा कोणता?"

साधं 'हो' म्हणतानाही दिगंबरराव दहादा विचार करत. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"पुढचा, बाई."

"नक्की?"

त्यांनी पुन्हा पाहिलं. "नक्की."

"कंडक्टरदादा, घंटी मारा ना! मले उतरायचं हाय!"

ती उतरली आणि पिशवी खांद्याला अडकवून चालू लागली.

"मागं वळूनबी नाही पाह्यलं वो पोरीनं! थांबा, मीबी उतरतो."

"बसा. आपलं तिकीट स्टँडपर्यंतचं आहे."

तुळसाबाई बसल्या. गाडी हलली. त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला, खिडकीची काच सरकवली आणि दिगंबररावांच्या खांद्याला हात लावला.

"काकाजी, ते निळ्या वढनीवाली दिसून राह्यली का? माही पोरगी हाय ते."