पानावरचं नाव

प्रदर्शनाला घरच्यांना घेऊन जावं म्हणता, पण मी आईला नेलं होतं एकदा, नामपल्लीला. तेव्हापासून माझी हिंमत नाही.

हॉलमध्ये कापडाच्या झाडांचं जंगल उभं केलं होतं. येणाऱ्यानं कागदी पानावर आपलं नाव लिहून ते फांदीला बांधायचं. एक पान म्हणजे एक माणूस आणि सगळी मिळून आपण, अशी ती कल्पना.

आईनं पटकन लिहिलं, 'कुलकर्णी परिवार'. आहेराच्या पाकिटावर लिहिते तसं.

पानं वाटणारी मुलगी म्हणाली, "अम्मा, घरवालों का नक्को. खुद का नाम लिखो."

आई पेन धरून उभीच राहिली. मग मला हळूच म्हणाली, "कुठलं लिहू गं?"

"कुठलं म्हणजे? सुहासिनी."

"ते तुझ्या बाबांनी ठेवलेलं. लग्नात, ताटातल्या तांदळावर लिहून."

त्याआधीचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. तिनं नव्या पानावर शाळेतल्यासारख्या अक्षरात 'कुसुम' लिहिलं आणि स्वतःच्या हातानं बांधलं.

आम्ही दाराकडे निघालो, तेवढ्यात मागून त्याच मुलीची हाक आली, "कुसुम अम्मा, पत्ते के साथ एक फोटो लेते." तिनं दोनदा, तीनदा हाक मारली. मी थांबले. आई मात्र तशीच चालत बाहेर गेली.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "ती मुलगी कुणाला एवढ्या हाका मारत होती गं? बिचारीला कुणी ओसुद्धा देईना."