बेपत्ता इसम, सोबत मुडदुशे

नाव लवू सोनू परब, वय ७६ वर्षे, धंदा आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर विलेपार्ल्याच्या एका शाळेत शिपाई, सध्या निवृत्त. राहणार पंतनगर, घाटकोपर पूर्व.

मी समक्ष हजर होऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी मुलगा सौरभ व सून मानसी यांच्यासोबत राहतो. पत्नी सुगंधा हयात नाही. आज दुपारी सौरभने याच ठाण्यात मी बेपत्ता झाल्याची खबर दिली. त्यात माझे वर्णन, उंची मध्यम, रंग सावळा, अंगात पांढरा सदरा, स्मृतिभ्रंश आहे, स्वतःचा पत्ता सांगू शकत नाही, असे आहे. सदरा बरोबर आहे. पत्ता मी वर सांगितला आहे.

सौरभने त्याच वेळी संशोधन करणाऱ्या काही मंडळींविरुद्ध तक्रारही दिली. त्यांनी माझ्या गोळ्या बंद केल्या, मला बाहेर पडायला शिकवले आणि मी कुठे आहे ते लपवले, असे त्याचे म्हणणे आहे. त्यांचे काम थांबवावे आणि माझ्या गोळ्या पूर्वीसारख्या सुरू कराव्यात, अशी त्याची मागणी आहे. त्याबद्दल मी हा जबाब देत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. थोडी घाई आहे, कारण माझ्या पिशवीत मुडदुशे आहेत आणि ठाण्यात बर्फ नाही. मुडदुशे हे मासे आहेत, हे उपनिरीक्षक सपना मॅडमच्या माहितीसाठी सांगतो. त्या साताऱ्याच्या आहेत.

गेली दोन-अडीच वर्षे मी बहुतेक वेळ खिडकीजवळच्या खुर्चीत असे. पेपर हातात धरी, पहिली ओळ वाची, दुसरीवर गेलो की पहिली गेलेली असे. माणसे येत, बोलत, जात. सुगंधा गेली तेव्हाही मी खुर्चीतच होतो असे मला सांगतात. त्याबद्दल मला काही विचारू नये. मी तिथे नव्हतो असे धरले तरी चालेल. वय झाले, असे सगळे म्हणत, आणि मलाही ते पटले होते.

सौरभ आणि मानसी दोघेही नोकरीला जातात. माझी आबाळ त्यांनी कधी केलेली नाही, हे मुद्दाम लिहून घ्यावे. जेवण झाकलेले असे, पाणी हाताशी असे. दाराला बाहेरून कडी असे.

सदर मंडळी मला आमच्या वसाहतीच्या सभागृहात भेटली. म्हातारी माणसे, त्यांची औषधे, त्यांचे अधू हातपाय, आणि या सगळ्यात मोबाइल-कॉम्प्युटरचा काही उपयोग होतो का, असा त्यांचा अभ्यास आहे. प्रमुख डॉक्टर मीरा मॅडम. तेजल औषधांची जाणकार. केतन अपंगांना चालते-फिरते करतो, त्याचा स्वतःचा एक पाय नकली आहे. प्रांजल कॉम्प्युटरवाली. घरातली सगळी औषधे पिशवीत भरून आणा, असा त्यांचा निरोप होता. मानसीने पिशवी भरली आणि मला तिथे नेले.

तेजलने पिशवी टेबलावर रिकामी केली. दुकान मांडल्यासारखे दिसत होते. त्यातली तीन पाकिटे तिने बाजूला काढली. एक गोळी लघवीची, एक चक्करेची, एक झोपेची. तीन डॉक्टरांनी दिलेल्या. तिघेही भले, पण तिघांची एकमेकांशी कधी गाठ पडलेली नव्हती. या तिन्ही मिळून म्हाताऱ्या माणसाचे डोके जड करू शकतात, असे तेजल म्हणाली.

मग ते आपसात भांडायला लागले. ते भांडण मला आवडले. माझ्यावरून कोणी भांडून बरीच वर्षे झाली होती.

केतन म्हणाला, "अगं, गोळ्या कमी केल्यास आणि हे उठून चालायला लागले तर पडतील ना! आधी पाय तयार करू दे मला."

तेजल म्हणाली, "पाय तयार करायला माणूस जागा नको का रे? झोपलेल्याकडून काय कवायत करून घेणार?"

त्यावर प्रांजल म्हणाली, "यार, आजोबांना काय हवंय ते कोणी विचारलं का?"

सगळे माझ्याकडे वळले. बऱ्याच वेळाने मी "मासे" म्हणालो. मानसीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण ती मंडळी हसली नाहीत. कुठले मासे, कुठून आणायचे, कोण आणायचे, असे विचारत बसली. शाळेत होतो तेव्हा मी दर शनिवारी खारदांड्याला जाऊन मासे घेत असे, हे माझ्या तोंडून बाहेर पडले. ते मला आठवत होते हे मलाच माहीत नव्हते. मीरा मॅडमनी माझ्या नावापुढे 'स्वतः जाऊन मासे आणणे' असे लिहिले. चार शिकलेल्या माणसांनी त्याच्यावर काम सुरू केले.

त्यांनी स्वतः माझी एकही गोळी बंद केलेली नाही, हे तक्रारीच्या संदर्भात स्पष्ट करतो. मीरा मॅडमनी तिन्ही डॉक्टरांना गाठले, एकमेकांशी बोलते केले, आणि त्यांच्या संमतीने दोन गोळ्या हळूहळू बंद झाल्या, तिसरी बदलली. केतनने मला काठी घेऊन जिना शिकवला, मग रस्ता, मग मेट्रोची लिफ्ट. दमलो की तोही नकली पाय पुढे ताणून शेजारी बसे आणि म्हणे, "मीपण थकलोय आजोबा, टेन्शन नाय." विसरणे पूर्ण जाणार नाही, हे त्यांनी मला तोंडावर सांगितले. खोटी आशा दाखवली नाही. तरीही एके सकाळी मी पेपर उघडला आणि दुसऱ्या ओळीवर गेलो, तेव्हा पहिली जागच्या जागी होती. मला रडू आले. कोणाला सांगितले नाही, ते आता इथे सांगत आहे.

माझ्या मनगटावरचे घड्याळ प्रांजलने दिले आहे. त्यात झोप आणि पावले कळतात. देताना तिने विचारले होते, "आजोबा, तुम्ही कुठे जाता ते आम्हाला दिसावं का? नको असेल तर ते बंदच ठेवते." मी नको म्हणालो. मी कुठे जात होतो म्हणा. पण मला कोणी विचारेल असे वाटले नव्हते, म्हणून नको म्हणून पाहिले. तिने ते बंद ठेवले.

खारदांड्याला सौरभसोबत रविवारी जायचे, असे मंडळींनी ठरवून दिले होते. तीन रविवार सौरभला सुट्टी मिळाली नाही. आज शनिवार म्हणून मी एकटा गेलो. तो निर्णय माझा एकट्याचा. दाराची कडी बाहेरून कोणी काढली, असे सपना मॅडमनी विचारले. सदर व्यक्तीचे नाव मला आठवत नाही. माझी आठवण आता बरीच सुधारली आहे, तरीही आठवत नाही.

मेट्रोने अंधेरी, तिथून रिक्षा. खारदांड्याला मासळीवालीने मला ओळखले. मीही तिला ओळखले. तिने भाव जास्त सांगितला, मी घासाघीस केली, तिने मला शिव्या घातल्या. फार बरे वाटले. मुडदुशे घेतले, कारण सौरभला लहानपणी तेच लागत. काटे मी काढून देत असे.

परतताना घड्याळ थरथरले. त्यावर मोठ्या अक्षरांत प्रांजलचा निरोप आला, 'घरी काळजीत आहेत. बरे असाल तर हिरवे दाबा.' मी हिरवे दाबले. थोड्या वेळाने आले, 'सौरभदादा पोलीस ठाण्यात आहेत. आम्हीपण.' मी घरी न जाता थेट इथे आलो.

इथे काय झाले ते सपना मॅडमकडून समजले. सौरभ प्रांजलवर ओरडत होता, की घड्याळ तुमचे, मग माणूस कुठे आहे ते कसे माहीत नाही? ती रडत होती, पण सांगत होती की आजोबा बरे आहेत एवढेच आम्हाला कळते, जास्त बघायचे नाही असे त्यांनीच सांगितले होते. दिलेला शब्द तिने पोलीस ठाण्यात बसूनही पाळला. असा शब्द मला आयुष्यात फार कमी लोकांनी दिला.

मी दारातून आत आलो तेव्हा सौरभ म्हणाला, "बाबा, मला वाटलं मेलात तुम्ही! वाट लागली माझी!"

मी म्हणालो, "मेलंय नाय रे झिला. मासळी हाडूक गेल्लंय." हाडूक म्हणजे आणायला, हेही मॅडमच्या माहितीसाठी सांगतो.

तो खाली बसला.

माझे म्हणणे एवढेच, की सदर मंडळींविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्यांच्यामुळे मी आज स्वतःच्या पायांनी ठाण्यात येऊन स्वतःबद्दल बोलू शकलो. त्या गोळ्या मला परत नकोत. मी जागा राहिलो तर सौरभला त्रास होईल, मी बाहेर जाईन, त्याला धास्ती वाटेल, हे मला कळते. झोपलेला बाप सांभाळायला सोपा असतो. तरी मला जागे राहायचे आहे. यापुढे मी सांगून जाईन, पण कडी नको.

जबाब लिहून झाल्यावर मॅडम तो मला वाचून दाखवू लागल्या. मी म्हणालो, इकडे द्या, मी वाचतो. पण वाचायचा चष्मा घरी राहिला होता. तेव्हा सौरभने खिशातून माझा चष्मा काढून दिला. मला शोधायला निघताना त्याने तो सोबत घेतला होता.

जबाब मीच मोठ्याने वाचला, पहिल्या ओळीपासून, सौरभला ऐकू जाईल असा. मध्ये कोणी घाई केली नाही. संपल्यावर सौरभने मॅडमना तक्रार मागे घेतो असे सांगितले. घरी जाऊन त्याने शब्द फिरवू नये म्हणून हे वाक्य मी इथे लिहायला लावले आहे. तेही मी वाचले. बरोबर आहे.

सही
लवू सोनू परब