एस.टी.तून गेलेली भाकर

हसू नका लेकहो, पण मी केलेली भाकर एकदा नांदुऱ्याहून एस.टी.नं आमच्या सुलतानपूरला गेली होती.

महाराष्ट्र तेव्हा नवानवाच होता. नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मला कारकुनाची नोकरी लागली. घर सोडताना माय म्हणाली, "तुले साधी चूल पेटवता येत नाही. आठ दिवसांत परत येशीन, पाहजो!"

मी काही परत गेलो नाही. दोन महिन्यांनी बाबाच खोलीवर आले. त्यांच्यासमोर मी ज्वारीच्या भाकरी थापल्या. काठ फाटलेले, एक बाजू करपलेली. बाबा जेवले आणि एक भाकर रुमालात बांधायला लागले.

"वाटेत खायला पाह्यजे का, बाबा? थांबा, चांगली करून देतो."

"खायाले नाही. तुह्या मायले दाखवाची हाय."

"बाबा, हे नका नेऊ! माय हासंन मले."

"हासू दे. पोरगा सोताच्या हातचं खाते, हे तिले दिसलं पाह्यजे."

पुढचं मला दिवाळीत धाकट्या बहिणीनं सांगितलं. मायनं ती वाळलेली भाकर उलटीपालटी करून पाह्यली आणि म्हणाली, "करपोली मेल्यानं." बहिणीनं तुकडा मागितला, तर दिला नाही.

जन्मभर सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं खाणारी माझी माय, त्या दिवशी सगळ्यांच्या आधी ताट घेऊन बसली.