चौथ्या गाण्यातली शिट्टी

तुम्ही आत्ता हिप हॉपच्या गप्पा मारताय, पण नव्वदच्या दशकात आमच्या नेरुळच्या अख्ख्या सेक्टरमध्ये हिप हॉपची एकच कॅसेट होती आणि ती माझी होती. मामाने दुबईहून आणलेली मी कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली होती. एकदा कॅसेट आत असलेला टेपरेकॉर्डर पुसताना आईकडून रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं गेलं. त्या दिवसापासून चौथ्या गाण्यात मध्येच ड्रम थांबायचे, आईचा आवाज यायचा, "शिट्ट्या किती झाल्या रे?", मग कुकरची एक शिट्टी आणि परत ड्रम.

मी कपाळाला हात लावून बसलो होतो, तेवढ्यात विन्या आला. विन्या म्हणजे आमच्यातला जाणकार. त्याने तेवढाच तुकडा सहा वेळा मागे घेऊन ऐकला.

"प्रोड्युसर बघ साला! शिट्टी बरोबर बीटवर टाकलीय."

"अरे, पण मराठी?"

"मग? अमेरिकेत आपली माणसं नाहीत काय?"

आठवड्याभरात सगळे माझ्याकडून कॉपी करून घेऊन गेले.

पुढे विन्याने वाशीला ओरिजिनल कॅसेट घेतली. ती दुकानात जाऊन दोनदा बदलून आणली आणि वैतागून माझ्या घरी आला.

"सगळा डुप्लिकेट माल विकतात. एकातपण शिट्टी नाय."

इतक्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "शिट्ट्या किती झाल्या रे?"

विन्या उठला, आत गेला आणि आईच्या पाया पडला.

आई म्हणाली, "सुखी राहा. आज पेपर आहे का रे?"