शेखरभाऊच्या बेसचा डबा

नाई दादा, आमच्या यायले नोका इचारू. इचारून फायदा नाई. तुमी म्हनान, शेखरभाऊ, गिटारीले हा डबा बरा वाटते का — ते म्हनतीन, हाव. मंग तुमी म्हनान, का तो दुसरा बरा — ते म्हनतीन, हाव. चहा पाह्यजे का, हाव. नोको का, हाव. लकवा मारला तवापासून तेवढा एकच शब्द राह्यला त्यायच्या तोंडात. डोकं जागच्या जागी हाय, बरं का — भाजीत मीठ कमी असलं तर माह्याइकडं असे पाहतात का मले उठून मीठ आनाच लागते — फक्त बाहेर येत नाई. म्हनून म्हनते, बसू द्या त्यायले आतल्या खोलीत, दोन्ही डबे लावून वाजवू द्या निवांत, आन कोनता घ्याचा ते आपन इथं ठरवू. तसंही आता सगळं मीच ठरवते. शर्ट कोनता, डॉक्टर कोनता, झोपाचं कवा. दुसऱ्याच्या मनातलं ठरवून ठरवून थकून जाते मानूस. तुमचं काम थांबवू नका, दादा, तुमी सोल्डर मारा. मी आपली बोलते. घरी बोलाले कोन हाय — म्हनजे हायेत, पन तुमाले समजलं ना.

देऊळगाव राजाहून आलो आमी, चिखलीले बस बदलून. यायचा उजवा पाय वढते, त्यात गिटारीची पेटी, कंडक्टर म्हने हे काय तिरडीवानी लांब. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्यानं तुमचं नाव सांगतलं. म्हने खामगावात तुळशीरामदादा हायेत, जुन्या रेडिओतले काचेचे वाल्व टाकून हातानं डबा बनवतात, गिटार आन स्पीकरच्या मधात तो लावला का कमजोर बोटाचा सूर बी भरून येते. मले वाटलं, चला, पाहून तं घेऊ. कारन डावा हात चांगला हाय त्यायचा, देवाच्या दयेनं — तारा दाबतात त्या पह्यल्यासारख्याच, एक सूर इकडचा तिकडं नाई. पन तार छेडाची कशानं? उजव्या हाताचा नुसता अंगठा हालते, तो बी अर्धामुर्धा. तार थरथरते, पन आवाज कुठी? बाजूच्या खोलीत कोनी गोधडी झटकावी, तसा.

मी? मी गाते ना. लग्नात, हळदीत, गनपतीत — "आन आता येत हायेत गायिका निशिगंधा" म्हनतात, ते मीच. लग्नाच्या आधीपासून गाते. हे बेस गिटार वाजवत, तो खालचा जाड सूर, मी गात असो, तसंच जमलं आमचं. लोकाले बेस समजत नाई, दादा. लोक म्हनतात गायिका चांगली, ढोलकीवाला चांगला, बेसवाल्याले जेवाले बसवाचं बी इसरतात. पन माह्या डाव्या बाजूले ते उभे असले का — कसं सांगू — मले मागं पाहा लागत नसे. गाता गाता दम कमी पडला का यायले माह्या आधी समजे. तिथंच सूर धरून ठेवत, सगळ्याले थांबवत, मी श्वास घेतला का मंग सोडत. कवा बोललो नाई आमी यावर. आता लॅपटॉपवर बेस वाजते. तो कोनासाठी थांबत नाई. पन तो चुकत बी नाई, आन — नाई, काई नाई. तुमच्या सोल्डरचा धूर डोळ्यात गेला माह्या.

दोन डबे हायेत ना आत — एक तो काळ्या पत्र्याचा, एक लाकडी पेटीतला. आता काळ्यावर वाजवून राह्यले. आयका. आयकलं? नख घासलं ते बी येते. अंगठा घसरला ते बी येते. हात कापते ते सुदिक येते, बाप्पा. लाकडी चांगला हाय, मघा वाजवला तो — सगळं कसं गोल करून सोडते, चूक कुठी झाली ते आपल्यालेच समजत नाई. घेतला तं तोच घेऊ. घेतला तं.

"घेतला तं" काऊन, म्हनता? सांगते. बीबी गावाले हळदीचा कार्यक्रम होता मागच्या महिन्यात. मी साडी नेसून राह्यली तं हे गिटार पेटीत भरून दारात उभे. नोको म्हनाचं कसं? गेलो. सगळ्यायनं लय मान देला, खुर्ची देली स्टेजवर, दीपकनं — आमचा साउंडवाला, लय चांगला पोरगा — सोता वायर लावून देली. कार्यक्रम रंगला. हे डोळे मिटून वाजवून राह्यले, मान हालवून राह्यले, मले वाटलं, अरे, जमून राह्यलं की! बेस कसा भरून येते! आन पाचव्या का सहाव्या गान्यात लॅपटॉप बंद पडला. अन् बेस गायब, दादा. ढोलकी चालू, मी चालू, बेस नाई. यायचा हात मात्र चालूच. पोरंसोरं पाहून राह्यली, नवरदेवाची मावशी पाहून राह्यली — मानूस वाजवून राह्यला आन आवाजच नाई. दीपकनं यायच्या गिटारीचं बटन पह्यल्या गान्यापासूनच बंद ठेवलं होतं. वाईटानं नाई केलं त्यानं, इज्जत राखाले केलं. यायनं हात थांबवला. आधी वायर पाह्यली, हातानं चाचपली. मंग माह्याइकडं पाह्यलं. मले बी ठाऊक नोतं हो! मी गात होती! पन हे सांगू कसं, तोंडात गानं.

त्या दिवसापासून गिटारीले हात नाई लावला. पेटी पलंगाखाली. घर कसं थंड झालं. आन म्हनून आनलं म्या त्यायले इथं — लोक म्हनतात निशिगंधाताई नवऱ्यासाठी किती करते. करते ना. पन खरं सांगू? तुमी परके, म्हनून सांगते. बीबीच्या स्टेजवर बटन बंद होतं हे समजलं तवा, सगळ्यात आधी मले काय वाटलं? मले वाटलं, बरं केलं दीपकनं. दुःख मंग झालं. आधी ते वाटलं. लॅपटॉपवर गाताना मले डावीकडं पाहा लागत नाई, कोनाचा हात पडला का, कोनाले घाम आला का, काई नाई — दोन घंटे मी फक्त गाते. तेवढेच दोन घंटे, दादा. बाकी दिवसभर मीच त्यायचा हात, मीच त्यायचं तोंड. मंग स्टेजवर बी तेच का? तिथं बी मीच सांभाळू? म्हनून म्हनते — तुमचा शब्द मानतीन ते, तुमी कारागीर मानूस — आत जाऊन सांगा का, शेखरभाऊ, यातला कोनताच डबा तुमच्या हाताले चालनार नाई. गोड बोलून सांगा. घरी वाजवा म्हना, मन रमवाले. तेवढं करा माह्यासाठी. मी कवाच कोनाले काई मांगत नाई —

आवाज काऊन बंद झाला?

कवापासून बंद हाय?

दादा, तो दरवाजा — तुमी लोटला होता ना तो? म्हनजे मघापासून उघडाच —

अवो, थांबा! तिथंच थांबा, पडसान! एका हातानं काय उचलून आनलं — अवो तो गरम हाय, काच गरम हाय त्याच्यातली, छातीशी काऊन धरला? दादा, उठा ना, घ्या त्यायच्या हातातून. देत नाईत? द्या ना जी. ठेवा. ठेवा त्या टेबलावर. हां.

अवो, पन हा काळा हाय. तुमाले लाकडी आनाचा होता का? लाकडी तिकडं राह्यला. ह्याच्यात तं सगळं आयकू येते, जी — घसरलेलं, कापलेलं, सगळ्या मांडवाले आयकू येईन. दीपकनं बटन चालू ठेवलं तं लपाले जागा नाई याच्यात. मी लाकडी आनते, थांबा — सोडा ना माहा हात. काऊन लोटून राह्यले तो डबा दादाइकडं? हाच? नक्की हाच?

...

बांधून द्या, दादा. काळाच. कागद जाड लावा, बसमंदी हालते.

नाई, मले चहा नोको. मले काई नोको. यायले देता तं द्या. मी जरा बाहेर उभी राहते — तुमी त्यायले दाखवा कोनतं बटन कशाचं. मले नोका सांगू. त्यायलेच सांगा.