आओरीता म्हणजे नक्की कधी?

(टेक्सासमधलं मॅकॅलन. नदी जवळच, नदीपलीकडे मेक्सिको. २०१८चा जून, रविवारची दुपार. मूळच्या मेक्सिकन, घरात स्पॅनिश बोलणाऱ्या ओफेलियाबाईंच्या मागच्या अंगणात त्यांचा मुलगा रामिरो शेगडीवर मांस भाजतोय. तो सरहद्दीच्या गस्तीवर नोकरीला आहे. त्याची बहीण नोएलिया कोर्टात दुभाषी आहे. ती नुकतीच आलीय आणि अजून बसलेली नाही.)

नोएलिया : मी एवढंच विचारतेय, तो तू होतास का?

रामिरो : आधी बस तरी. आल्या आल्या उलटतपासणी. सरक जरा, कांदे उलटायचेत.

नोएलिया : रामिरो.

रामिरो : आमच्या ठाण्यात ढीगभर माणसं आहेत. त्यातली निम्मी माझ्यासारखीच दिसतात.

ओफेलिया : काय चाललंय तुमचं?

रामिरो : राजकारण, आई.

ओफेलिया : मग बंद करा. माझ्या अंगणात जेवायच्या आधी दोन विषय नकोत. एक राजकारण आणि दुसरा हिचा घटस्फोट.

नोएलिया : घटस्फोटाचा विषय दर वेळी तूच काढतेस.

ओफेलिया : मी जेवण झाल्यावर काढते.

नोएलिया : हे जेवणापर्यंत थांबणारं नाही. आई, गुरुवारी कोर्टात एक बाई होती. देल्मी नाव, होंडुरासची. नदी ओलांडली आणि पकडली गेली. बरोबर पाच वर्षांची मुलगी, सुयापा. आईला कोर्टात आणलं, मुलीला दुसरीकडेच नेलं. हल्ली सगळ्यांचं असंच करतात.

ओफेलिया : टीव्हीवर दाखवतात ते. मी चॅनेल बदलते.

रामिरो : बरं करतेस. अर्धं खोटं असतं.

नोएलिया : आणि उरलेलं अर्धं?

रामिरो : उरलेलं कायदा असतो. चोरून आत आलात की गुन्हा. गुन्हा केलात की तुरुंग. आणि तुरुंगात लेकरांना ठेवत नाहीत. ठेवलं असतं तर तूच पहिली बोंबलली असतीस.

नोएलिया : वसंतापर्यंत हाच कायदा होता, हीच नदी होती, आणि तूही हाच होतास. तेव्हा आयांना लेकरांसकट ठेवत होतात.

रामिरो : आणि मग सोडून देत होतो. अमुक तारखेला कोर्टात या, म्हणून. कोण येत होतं?

नोएलिया : पुष्कळ येत होते. मी तिथं असते.

रामिरो : आणि मी नदीवर असतो. मागच्या वर्षी मी एक पोर बाहेर काढलं. त्याच्या आईला कोणीतरी सांगितलं होतं, लेकरू बरोबर असलं की सोडतात. म्हणून तिनं त्याला आणलं. नाहीतर ते आजीकडे राहिलं असतं, जिवंत. तुझ्या कोर्टात ते काही आलं नाही, म्हणून तुला माहीत नाही.

ओफेलिया : हे मला कधी बोलला नाहीस.

रामिरो : रविवारी काय बोलायचं ते.

नोएलिया : वाईटच आहे ते. खरंच वाईट आहे. पण म्हणून बाकीच्यांना धाक बसावा यासाठी यांची लेकरं काढून घ्यायची?

रामिरो : मी काढून घेत नाही. ठरवणारे तिकडे वॉशिंग्टनला बसलेत. मी फक्त गाडीत बसवतो.

नोएलिया : म्हणजे गाडीत तू बसवतोस.

रामिरो : आणि तू त्यांच्या कानात हेडफोन घालून विचारतेस, गुन्हा कबूल आहे का. रांगच्या रांग उभी करून, एकदम. सगळे हो म्हणतात आणि तू घरी येऊन मला शहाणपण शिकवतेस. तुला काय चर्च पगार देतं?

ओफेलिया : दोघांचा पगार एकाच तिजोरीतून येतो आणि मिऱ्या मात्र माझ्या डोक्यावर वाटता. लिंबं कुठं ठेवलीस, नोएलिया?

नोएलिया : पिशवीत. आई, ऐक ना पुढं. न्यायाधीशांनी विचारलं, कोणाला काही सांगायचंय का. सहसा कोणी बोलत नाही. ही म्हणाली, हो. म्हणाली, माझ्या मुलीला नेणाऱ्या साहेबांनी मला सांगितलंय, आओरीता आणतो तिला. तेव्हा मला इथून लांब पाठवू नका. ती आली आणि मी दिसले नाही तर घाबरेल.

रामिरो : कोर्टात सगळेच काहीतरी सांगतात.

नोएलिया : वकिलानं विचारलं, कोण साहेब? म्हणाली, नाव नाही माहीत. अंगानं भरलेले होते, आवाज मऊ होता, मुलीला चिंचेची गोळी दिली.

ओफेलिया : तिखट लावलेली?

नोएलिया : हो.

ओफेलिया : रामिरो.

रामिरो : चिंचेच्या गोळ्या अख्ख्या मॅकॅलनमध्ये मिळतात.

ओफेलिया : धुवायला आणलेल्या तुझ्या पँटीच्या खिशात निघतात. माझं मशीन आतून चिकट झालंय.

नोएलिया : बिचारीनं थुंकून टाकली असणार. होंडुरासमध्ये गोळीला तिखट लावायची पद्धत नाही.

रामिरो : थुंकली नाही. डोळ्यांत पाणी आलं, पण चघळत राहिली. वर दुसरी मागितली.

ओफेलिया : मांस करपतंय.

रामिरो : बघतो.

नोएलिया : म्हणजे तूच.

रामिरो : मीच. आता काय, फाशी देतेस?

नोएलिया : तिच्या आईला काय म्हणालास?

रामिरो : काय म्हणणार? ती हात सोडेना. मुलीचा एक हात तिच्याकडे, एक माझ्याकडे. गाडीवाला बाहेर भोंगा वाजवतोय. म्हटलं, आओरीता आणतो तिला, सोडा. सोडला तिनं. अगं, आपण म्हणतो तसं म्हणालो. आपल्यात आओरीता म्हणजे काय? बघू. करू. झालं तर झालं. बाबा आयुष्यभर म्हणत राहिले, ते कुंपण आओरीता दुरुस्त करतो.

ओफेलिया : ते गेले. कुंपण आहे तसंच आहे.

रामिरो : तेच म्हणतोय मी. आओरीता कोणी मनावर घेतं का?

नोएलिया : होंडुरासमध्ये घेतात. तिकडे आओरीता म्हणजे आत्ता. या क्षणी. मी वळतो आणि घेऊन येतो.

रामिरो : काहीतरीच काय.

नोएलिया : तिकडे तसंच आहे. दुसरा अर्थच नाही.

रामिरो : तरीच ती बाकावरून उठेना.

नोएलिया : कोण?

रामिरो : तीच. गाडी गेली तशी दाराकडे तोंड करून बसली ती बसलीच. जेवायला उठेना, संडासला उठेना. आम्हाला वाटलं अडून बसलीय. एकाला तिनं विचारलं, साहेब रस्ता चुकले का? सगळे हसले. मीही हसलो असेन. मला वाटलं, टोमणा मारतेय.

ओफेलिया : ती तुझी काळजी करत होती, गाढवा.

रामिरो : आता कळलं ना, आई. तेव्हा कुठं कळलं होतं? आणि ही तर भाषेची पंडित आहे. हिनं कोर्टात बरोबर सांगितलंच असेल. हो ना? आओरीताचं इंग्रजी काय केलंस?

नोएलिया : तू मांस बघ.

रामिरो : मांस झालंय. काय केलंस?

नोएलिया : थोड्या वेळानं.

रामिरो : थोड्या वेळानं सांगतेस?

नोएलिया : नाही. तेच सांगितलं. 'साहेब म्हणाले, थोड्या वेळानं आणतो.' मला माहीत होतं रे. होंडुरासचा अर्थ मला नीट माहीत आहे, परीक्षेला होता. पण तोंडातून या घरातलाच बाहेर पडला. न्यायाधीशांनी मान डोलावली. थोड्या वेळानं आणणार आहेत, मग काय प्रश्न आहे. पुढचा माणूस बोलवा. 'या क्षणी आणतो' असं मी म्हणाले असते तर निदान त्यांनी विचारलं असतं, कोण म्हणालं, आणि मग ती मुलगी आहे कुठं.

रामिरो : म्हणजे तूसुद्धा.

नोएलिया : हो. मीसुद्धा. गाडीत बसेपर्यंत लक्षातही आलं नाही. आलं तेव्हा मधेच रस्त्याच्या कडेला थांबले आणि रडले. बस झालं? समाधान झालं तुझं?

रामिरो : नाही झालं.

ओफेलिया : मी तुम्हांला स्पॅनिश शिकवली ती वाईट शिकवली का?

नोएलिया : चांगली शिकवलीस, आई. आपल्यापुरती.

रामिरो : जाऊ दे आता. होऊन गेलं.

नोएलिया : होऊन गेलेलं नाही. तिला परत पाठवायच्या बसमध्ये बसवत होते, ती चढली नाही. म्हणून उद्या पुन्हा कोर्टात आणतायत. मी उभी राहून सांगणार आहे, माझं भाषांतर चुकलं.

रामिरो : भर कोर्टात? वेडी आहेस का? उद्यापासून प्रत्येक वकील म्हणेल, ही बाई शब्द चुकवते, हिला बदला.

नोएलिया : म्हणू दे. वकिलाला तो अधिकारीही हवाय. त्यानं येऊन सांगायचं, हो, मी असं म्हणालो, मुलीला मी गाडीत बसवलं, ती अमुक ठिकाणी आहे. एकदा न्यायाधीशांच्या कानावर गेलं की मग त्यांना गप्प बसता येणार नाही. नाहीतर त्या बाईला उचलून बसमध्ये घालतील आणि मुलगी राहील इथंच.

रामिरो : नाही.

नोएलिया : काय नाही?

रामिरो : मी येणार नाही. आमच्या माणसानं असं उठून कोर्टात जायचं नसतं. गेलो तर नोकरीवर ठेवणार नाहीत, ठेवलं तर कुठल्यातरी वाळवंटात टाकतील. मग आईला डायलिसिसला कोण नेणार?

ओफेलिया : नोएलिया नेईल. ती गाडी बरी चालवते.

रामिरो : आई!

ओफेलिया : तू खड्डे बघत नाहीस.

नोएलिया : बरं, येऊ नकोस. मुलगी कुठं आहे तेवढं मला सांग. मी वकिलाला सांगते. तुझं नाव येणार नाही, आईची शपथ.

रामिरो : सांगता येत नाही.

नोएलिया : का?

रामिरो : नियम आहे.

नोएलिया : एका गावाचं नाव सांगायला नियम?

रामिरो : नियम आहे म्हटलं ना.

ओफेलिया : मग मला सांग. मी काही वकील नाही, दुभाषी नाही. मी घरात बसलेली म्हातारी आहे.

रामिरो : तुलाही सांगता येत नाही.

ओफेलिया : माझ्याकडे बघून बोल. त्या शेगडीला काय सांगतोस?

रामिरो : मला माहीत नाही.

नोएलिया : काय माहीत नाही?

रामिरो : कुठं आहे ते. मला माहीत नाही.

नोएलिया : तूच गाडीत बसवलंस ना?

रामिरो : बसवलं. गाडी मुलांच्या निवाऱ्यात गेली, इथपर्यंत मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मी फोन केला. म्हणाले, विमानानं पुढं पाठवली. कुठं? म्हणाले, ते आमच्याकडे नसतं, दुसऱ्या खात्याला विचारा. दुसऱ्या खात्याला विचारलं. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. या नावाची कोणी नाही म्हणाले. मी म्हटलं, पाच वर्षांची आहे, डाव्या गालावर तीळ आहे, तिखट खाते. ती पलीकडची बाई म्हणाली, साहेब, असं शोधत नाही आम्ही. मी म्हटलं, मग कसं शोधता? तर म्हणाली, आईच्या केस नंबरावरून शोधायला आईचा नंबर मुलीच्या नंबराला जोडलेला लागतो, तो कोणी जोडलेलाच नाही.

नोएलिया : कोणी जोडायचा असतो?

रामिरो : ते कोणाला ठाऊक नाही. मी म्हटलं, त्यांनी जोडला असेल. ते म्हणाले, तुम्ही जोडायला हवा होता.

नोएलिया : मग इतका वेळ नियम, नियम काय लावलं होतंस?

रामिरो : नियम आहे म्हटलं की निदान असं वाटतं, कोणाला तरी ठाऊक आहे.

ओफेलिया : देवा.

नोएलिया : तुझ्या वरच्यांना सांगितलंस?

रामिरो : सांगितलं. म्हणाले, मुलगी हरवलेली नाही, सरकारच्या ताब्यात आहे. मी म्हटलं, सरकारच्या ताब्यात कुठं? म्हणाले, तुझी सुट्टी शिल्लक आहे ना, घे थोडे दिवस.

ओफेलिया : म्हणून तू या आठवड्यात सारखा माझ्याकडे येतोयस.

रामिरो : कपडे धुवायचे होते.

नोएलिया : रामिरो, हेच उद्या सांग. अगदी असंच.

रामिरो : काय सांगू? की मी एका बाईच्या हातातून तिचं लेकरू सोडवून घेतलं आणि आता ते कुठं ठेवलंय तेच आम्हाला माहीत नाही? ती समोर बसलेली असताना?

नोएलिया : हो. ती समोर बसलेली असताना.

रामिरो : ती किंचाळेल.

नोएलिया : किंचाळू दे. त्याचं भाषांतर करावं लागत नाही.

रामिरो : एक ऐकून ठेव. सरहद्द हवीच, हे मी उद्याही म्हणणार. कोणीही यावं, कसंही यावं, असं चालत नाही.

नोएलिया : म्हण.

रामिरो : आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत मत सत्तेवरच्या पक्षालाच देणार.

नोएलिया : दे.

ओफेलिया : मीही त्यांनाच देते.

नोएलिया : आई? तू?

ओफेलिया : तुझा बाप दुसऱ्यांना द्यायचा. घरातली दोन्ही मतं एकाच बाजूला जायला नकोत म्हणून मी लग्नापासून यांना देत आले. तो गेला, माझी सवय गेली नाही. ताटं घ्या.

नोएलिया : मला भूक नाही.

ओफेलिया : भूक नसली तरी बस. रामिरो, तूही बस. ते चिमटे ठेव खाली.

रामिरो : कोर्ट किती वाजता सुरू होतं?

नोएलिया : सकाळी. साडेआठला दारापाशी ये, मी आत घेऊन जाते.

रामिरो : कपडे कुठले घालू? गणवेश नकोच. लग्नातला तो निळा कोट आहे, तो चालेल ना?

नोएलिया : गणवेशातच ये. कोटात ती तुला ओळखायची नाही.