दुसरा अंक राहिला

चहा घ्या, मग सांगतो. आमची नात सई नाटकाच्या क्लासला जाते. तिचं पहिलं नाटक खारमधल्या हॉलमध्ये होतं. मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही प्रॉम्प्टर. विंगेत लपून बसायचं, कोणी वाक्य विसरलं की हळूच सांगायचं." घरात रोज ऐकून मला सगळं नाटक पाठ झालंच होतं.

पहिल्या अंकाच्या शेवटी बाप मुलीला घराबाहेर काढतो. बाप झालेला दीपक डोळे वटारून पुढे आला आणि वाक्यच विसरला. माझ्याकडे बघायला लागला. वाक्य होतं, "चालती हो!" पण समोर आमची सई हात जोडून रडत होती. माझ्या तोंडून निघालं, "ये बाळा, जेवलीस का?"

दीपक तसाच रागाने ओरडला, "ये बाळा! जेवलीस का?"

लोक हसायचे थांबेनात. मुलगी घरातच राहिली, मग पुढचं नाटक कसलं? पडदा पाडला.

सई विंगेत येऊन भडकली. "काय हो आजोबा! दुसऱ्या अंकात मी रस्त्यावर उपाशी रडणार होते. किती प्रॅक्टिस केलेली!"

मी म्हटलं, "माहितीये गं. म्हणूनच तर जेवायचं विचारलं."